रस्सा : आपला आणि आयरिशांचा

आखाड लागला की आमच्याकडे बोकडांचे दिवस भरतात. पुढे श्रावण यायचा असतो, माळकरी सोडले तर बाकीच्यांना महिनाभर तोंडावर ताबा ठेवायचा असतो, म्हणून त्याआधीच लक्ष्मीआईचा, म्हसोबाचा, पिराचा नवस फेडून घेण्याची घाई उडते. लिंबाच्या सावलीत तीन दगडांची चूल मांडली जाते, तिच्यावर मोठे भगुने नाहीतर डेग चढते, आणि एरवी चुलीकडे न फिरकणारी पुरुष मंडळी त्या दिवशी बाह्या सरसावून रस्सा करायला बसतात. याला आपण कंदुरी म्हणतो. शब्द मूळचा फारसी. तिकडे जेवणाच्या दस्तरखानाला कंदुरी म्हणत. आपल्याकडे येता येता दस्तरखान मागे पडले आणि रस्सा तेवढा राहिला. बोकड हिंदूचा, कापणारा मुलाणी, नवस पिराचा आणि जेवायला सारे गाव, असा हा जुना मामला आहे.

या रश्शाचा एक लांबचा चुलतभाऊ आयर्लंडात राहतो. त्याला तिकडे 'आयरिश स्टू' म्हणतात. आपली मुले आता शिकायला, नोकरीला त्या बाजूला जाऊ लागली आहेत आणि सुट्टीत घरी आली म्हणजे त्या काळ्या बिअरमध्ये शिजवलेल्या मांसाचे वर्णन करतात. ऐकणाऱ्या आजीबाई नाकाला पदर लावतात. पण वर्णन नीट ऐकले, तर आजीबाईंच्या भगुन्यात जे घडते तेच तिकडच्या भांड्यात घडते, असे माझे मत आहे. ते का, हे आज सांगायचे आहे. शिवाय या दोन्ही भांड्यांतून एक असा प्रश्न निघतो की जो केवळ चवीचा नाही. त्याकडेही आपण येऊ.

आयरिश स्टूचे मूळ रूप फार साधे. मेंढीचे मांस, बटाटे, कांदे, पाणी आणि मीठ. गाजर घालावे की घालू नये यावरून तिकडे अजून वाद होतात, आपल्याकडे पोह्यांत बटाटा की कांदा यावरून होतात तसे. मेंढी तिथे लोकरीसाठी आणि दुधासाठी पाळायची. ती कापायची ती म्हातारी झाल्यावर, कामाची उरली नाही म्हणजे. म्हाताऱ्या मेंढीचे मांस चिवट. ते भाजून खाता येत नाही, तळून खाता येत नाही. त्याला एकच उपाय, तो म्हणजे पाण्यात, मंद आचेवर, तासन् तास. बटाट्याचे दोन प्रकार घालण्याची तिकडे युक्ती आहे. पिठूळ बटाटा विरघळून रश्शाला दाटपणा आणतो आणि चिकट बटाटा फोडीच्या रूपात शाबूत राहतो. गोमांस आणि 'स्टाउट' नावाची काळी बिअर हा त्यावरचा पुढचा संस्कार. गरिबाच्या भांड्यात तो नव्हता.

हा 'स्टू' शब्द आपल्याला परका नाही. इंग्रजी पलटणींच्या छावण्यांतून तो हिंदुस्थानी खानसाम्यांच्या तोंडी बसला आणि 'इष्टू' झाला. दिल्लीच्या मुसलमानी घरांत इष्टू होतो, केरळात नारळाच्या दुधातला इष्टू होतो. आमच्या जिल्ह्यातही छावणी होतीच. आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचा तळ होता. १९०३ साली कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावी बिगुल वाजत होता, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. पण इष्टू आमच्या घरांत शिरला नाही, कारण त्याची जागा आधीच भरलेली होती. छत्रपती संभाजीनगरकडचा नानखलिया, आमच्याकडचा काळा रस्सा आणि कंदुरीचे मटण ही मंडळी तिथे ठाण मांडून बसलेली होती.

आता मुख्य मुद्दा. स्टाउट काळी का असते? सातू, म्हणजे जव, कॉफीच्या बियांसारखे काळेभोर होईपर्यंत भाजतात म्हणून. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रज गृहस्थाने मोड आणलेले धान्य फिरत्या पिंपात न जाळता भाजण्याचे यंत्र काढून त्याचे पेटंट घेतले, आणि काळी बिअर करणे सोपे झाले. डब्लिनमधला गिनेसचा कारखाना त्याही आधीचा, १७५९ चा. आर्थर गिनेसने ती जागा नऊ हजार वर्षांच्या कराराने घेतली होती. माणसाने आशावादी असावे ते इतके! या बिअरमध्ये मांस शिजवले म्हणजे रश्शात उतरते काय, तर प्रामुख्याने भाजलेल्या धान्याचा कडवट, खमंग अर्क. नशा हा त्यातला फार गौण भाग.

आणि आपल्या रश्शात काय उतरते? येसूर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, त्यात धने, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल असला गरम मसाला भाजून मिसळायचा, आणि सगळे दळून डब्यात भरून ठेवायचे. प्रमाण घरोघर वेगळे, आणि प्रत्येकीला आपलेच खरे वाटते. पश्चिमेकडच्या मंडळींना येसूर ठाऊक नसतो. ती खोबरे वाढवतात. मराठवाड्यात नारळाचे झाड नाही, पावसाचा भरवसा नाही, तेव्हा रश्शाला अंग आणायला हाताशी होते ते धान्य. ते कच्चे घातले तर पिठले होईल, म्हणून भाजून घातले. आयरिश माणसाने भाजलेले धान्य आधी आंबवले आणि मग मांसात ओतले. आपण आंबवण्याची पायरी गाळली. एवढाच फरक.

भाजण्याने होते काय, हेही सांगतो. धान्य, मांस, कांदा, काहीही कोरड्या उष्णतेत एकशे चाळीस अंशांच्या आसपास गेले की त्यातली साखर आणि प्रथिने यांची आपसांत क्रिया होते आणि तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे शेकडो नवे पदार्थ तयार होतात. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. पाणी मात्र शंभर अंशांपलीकडे जात नाही. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे तर ते अठ्ठ्याण्णवच्या सुमारासच उकळते. तेव्हा नुसते उकडून हा वास कधीच यायचा नाही. म्हणून कांदा निखाऱ्यात भाजायचा, सुके खोबरे विस्तवावर धरायचे, येसूर भाजायचा, आणि मग त्यांना पाण्यात सोडायचे. आपल्या बायकांनी हे मायारला विचारून केले नव्हते.

मांसाची गोष्ट याच्या उलट. त्याला पाणीच हवे आणि वेळ हवा. मांसातले तंतू साठ-सत्तर अंशांवर आवळतात, पाणी सोडतात आणि वातड होतात. अर्धा तास शिजवलेले मटण कच्च्यापेक्षा चिवट लागते ते यामुळेच. पण तंतूंना बांधून ठेवणारी जी पांढरी चिवट जाळी असते, जिला शास्त्रात कोलॅजेन म्हणतात, ती ऐंशी-नव्वद अंशांवर दोन-तीन तासांत हळूहळू वितळते आणि तिचे जिलेटिन होते. गर्दन, सीना, नळी, पाय या भागांत ही जाळी भरपूर. जनावर जितके फिरलेले आणि वयस्क, तितकी ती जास्त आणि पक्की. आमच्याकडची काळी उस्मानाबादी शेळी दिवसभर माळावर बोरी-बाभळी ओरबाडत हिंडते. धनगरांची दख्खनी मेंढी तर कित्येक कोस चालते. त्यांचे मांस घाईने शिजणारे नव्हे. खाटकाकडे गेल्यावर नुसती मांडी मागणारे लोक मला नेहमी अडाणी वाटतात. रश्शाला मांडी म्हणजे लुगड्याला जरीचे अस्तर. रश्शाला गर्दन आणि सीना मागावा, चार नळ्या मागाव्यात.

मंद आच म्हणायला सोपी, करायला कठीण, आणि ती सरपणावर अवलंबून. तुराट्या आणि पऱ्हाट्या भडकन् पेटतात, भाकरीला उत्तम. पण दोन तासांच्या रश्शाला त्या पुरत नाहीत आणि आच एकसारखी राहत नाही. त्याला बाभळीचे खोड लागते. एकदा धरले की निखारा धरून ठेवते. आता बहुतेक घरांत गॅस आला आणि कुकर आला. कुकरमध्ये दाबामुळे पाणी एकशे वीस अंशांच्या जवळ जाते आणि दोन तासांचे काम पाऊण तासाच्या आत होते. कुकरला नावे ठेवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ज्यांना स्वतः स्वयंपाक करावा लागत नाही असेच लोक ती विशेष पाळतात. कुकरमध्ये मांस शिजवून रस्सा भगुन्यात उकळावा, चवीत फार अंतर पडत नाही.

तर कृती. हाडासकट एक किलो मटण घ्या. धुऊन निथळू द्या. ओल्या मांसाला तांबूसपणा येत नाही, ते आपल्याच पाण्यात उकडते. भगुन्यात दोन पळ्या तेल घाला. करडईचे मिळाले तर आमच्याकडची खरी चव येईल, नाहीतर शेंगदाण्याचे. त्यावर एक कांदा चिरून परता, मग मटण, हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण घालून मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटे हलवत राहा. मांसाचा रंग पालटला, कडा तांबूस झाल्या की आच कमी करा आणि भगुन्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. हे ताटातले पाणी जुन्या लोकांचे फार मोठे शहाणपण आहे. ताट गार राहते, वाफ त्याला लागून परत आत ठिबकते, आणि ताटातले पाणी तापले की तेच आत ओतता येते. शिजत्या मांसात गार पाणी कधी ओतू नये. उकळी मोडते आणि सगळे मागे पडते. असे हळूहळू दोन-अडीच लिटर पाणी मांसात जाऊ द्या. दीड-दोन तासांनी बोटाने दाबल्यावर मांस हाडापासून सुटू लागले म्हणजे समजावे. हे झाले अळणी पाणी. मसाला घालण्याआधी यातले वाटीभर लहान मुलांना आणि आजाऱ्याला काढून द्यायची रीत आहे.

मसाल्यासाठी तीन कांदे सालीसकट निखाऱ्यात किंवा गॅसवर भाजा, काळी साल काढून टाका. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी विस्तवावर तेल सुटेपर्यंत भाजा. लसणाचा एक गड्डा, आल्याचा बोटभर तुकडा, मूठभर कोथिंबीर, हे सगळे पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये बारीक वाटा. दुसऱ्या भांड्यात पळीभर तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, आच उतरवून दोन-तीन चमचे काळा मसाला घाला, कारण मसाला पेटत्या तेलात पडला की करपतो आणि मग तो कडूपणा कशानेही जात नाही. त्यावर शिजलेले मटण पाण्यासकट ओता. उकळी फुटली की अर्धी वाटी येसूर गार पाण्यात कालवून, हलवत हलवत सोडा. कोरडा येसूर उकळत्या रश्शात टाकला तर गुठळ्या होतात, आणि त्या फोडता फोडता मांस फुटते. भाजलेल्या पिठाची दाट करण्याची ताकद कच्च्या पिठापेक्षा कमी असते, म्हणून सुरुवातीला रस्सा पातळ वाटला तरी घाबरून आणखी घालू नये. वीस मिनिटे मंद उकळा. वर तवंग येईल आणि खाली अंग धरेल. आमच्याकडे याला कोरड्यासही म्हणतात. इतक्या पातळ पदार्थाला कोरड्यास का, तर तो कोरड्या भाकरीस लावून खायचा.

ज्यांना आयरिश पद्धत करून पाहायची आहे, त्यांनाही सांगून ठेवतो. एक किलो मांसाचे मोठे तुकडे पीठ-मीठ लावून तेलात चारी बाजूंनी तांबूस करतात आणि बाहेर काढतात. त्याच भांड्यात कांदे मऊ करून, तळाला धरलेली खरपूस साय बिअरने सोडवतात. बिअर पाऊण ते एक पिंट, म्हणजे साधारण चारशे ते साडेपाचशे मिलिलिटर. मग मांस, गाजर आणि झाकेल इतके पाणी घालून दोन-अडीच तास अगदी मंद आचेवर ठेवतात, आणि शेवटच्या पाऊण तासात बटाटे सोडतात. भांड्यात बुडबुडा क्वचित यावा, खदखदू नये. बिअर आटली की कडूपणा वाढतो, म्हणून कांदा-गाजराचा गोडवा सोबत लागतो, कोणी चिमूटभर साखर घालतात. आपल्याकडे गुळाचा खडा चालेल. तिकडे गोमांस वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, तेव्हा इथे मेंढीचे नाहीतर बोकडाचे मांस घ्यावे. मूळ स्टू मेंढीचाच होता, त्यामुळे काही बिघडत नाही.

बिअरविषयी दोन शब्द. 'शिजवले की दारू उडून जाते' असे खात्रीने सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पूर्ण उडत नाही. दोन-अडीच तास शिजवल्यावरही घातलेल्या मद्यार्काचा पाच-दहा टक्के भाग मागे राहतो. प्रमाण फार थोडे, पण ज्याचा नेम आहे त्याला ते सांगितले पाहिजे. पाहुण्याला न सांगता वाढणे हे पाप आहे. शिवाय आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे आणि बाटली बाळगायला परवाना लागतो, हे आकाशवाणीवरून बोलणाऱ्याने विसरून चालत नाही. ज्यांना बाटली नको त्यांनी मूठभर सातू किंवा ज्वारी तव्यावर कॉफीच्या रंगावर भाजावी, दोन पेले पाण्यात पंधरा मिनिटे उकळावी आणि ते काळे पाणी गाळून रश्शात घालावे. स्टाउटचा जो कामाचा भाग, तो एवढाच आहे.

आता त्या प्रश्नाकडे येतो. रस्सा हा थोड्या मांसात पुष्कळ तोंडे भागवण्याचा पदार्थ आहे. दहा-बारा किलोच्या बोकडात शंभर पाने उठवायची, तर रस्सा वाढवल्यावाचून गत्यंतर नाही. पण पाणी वाढवत गेले की कुठे तरी रस्सा संपतो आणि पाणी सुरू होते. ती रेघ कुठे?

आयर्लंडात हा प्रश्न लाखोंच्या जिवावर बेतला. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगांनी मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते. सरकारने अमेरिकेतून पिवळा मका आणला, तो कसा शिजवायचा हे लोकांना ठाऊक नव्हते, त्यांनी त्याला 'गंधक' असे नाव ठेवले. आमच्याकडच्या वयस्कांना यावरून १९७२ चा दुष्काळ आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आठवेल. तिची भाकरी थापली जात नव्हती.

१८४७ च्या एप्रिलमध्ये अलेक्सी सोये नावाचा लंडनच्या बड्या क्लबातला फ्रेंच आचारी डब्लिनला आला आणि त्याने गरिबांसाठी आदर्श सूपघर उभे केले. घंटा झाली की शंभर माणसे आत, चमचे साखळीने बांधलेले, खाऊन झाले की दुसऱ्या दाराने बाहेर. पहिल्या दिवशी शहरातले प्रतिष्ठित लोक पाच शिलिंग देऊन गरीब कसे जेवतात ते पाहायला आले होते. सोयेच्या एका सूपाची कृती अशी : दोन गॅलन पाणी, म्हणजे नऊ लिटर, आणि त्यात पाव पौंड, म्हणजे एकशे तेरा ग्रॅम, मांस. बाकी थोडी चरबी, दोन कांदे, थोडे पीठ, थोडे सातू. चव चांगली होती म्हणतात. पण डॉक्टरांनी आक्षेप घेतला की यावर माणूस जगणार नाही. त्या उन्हाळ्यात सरकारी सूपघरांतून दररोज तीस लाखांवर लोक जेवत होते. त्यामुळे पुष्कळ जीव वाचलेही, हे नाकारता येत नाही. शरद ऋतूपर्यंत ती सूपघरे बंद करण्यात आली.

पॅरिसमध्ये हाच वाद आधीच लागून गेला होता. हाडे उकळून काढलेले जिलेटिनचे सूप गरिबांना आणि रुग्णांना मांसाच्या जागी द्यावे अशी तिथे टूम निघाली होती. माजांदी या शास्त्रज्ञाच्या समितीने प्रयोग करून १८४१ मध्ये सांगितले की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण आता आपल्याला माहीत आहे. शरीराला लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफेन जिलेटिनमध्ये मुळीच नसते. हाडांतला चुना पाण्यात फारसा उतरत नाही, तेव्हा पायाचे सूप प्यायल्याने मोडलेले हाड लवकर जुळते या समजुतीतही फार दम नाही. रश्शात उतरते ते मीठ, चव, चरबी आणि जिलेटिन. पोसणारे प्रथिन आणि लोह बरेचसे फोडीतच राहते.

हे शास्त्र पुस्तकात राहिले असते तर मी इतका लांबलो नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, कारखान्याच्या फडाजवळ पाचटाची कोपी, आणि चार-पाच महिने तोच संसार. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते आणि मग पुरुषाच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते. बाजाराच्या दिवशी पाव-अर्धा किलो मटण येते. माणसे पाच-सहा. रस्सा मोठा होतो. आधी पुरुष बसतात, मग मुले, सगळ्यांत शेवटी ती. नळ्या आणि फोडी वरच्या ताटांत गेलेल्या असतात. तिच्या वाट्याला रस्सा येतो, आणि तीही म्हणते, मला रस्साच आवडतो. हे केवळ कोपीतच घडते असे नाही. पक्क्या घरांतही हेच चालते, मास्तरांच्या आणि प्राध्यापकांच्याही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. मांस हे त्याचे एकमेव औषध नव्हे, पण घरात मांस शिजत असूनही ते तिच्या ताटात पडत नसेल तर त्याला दारिद्र्य हे कारण पुरेसे नाही.

यात एक गोष्ट हाताशी आहे. मांसाची एखादी फोड भाकरीबरोबर खाल्ली, तर त्या मांसातले लोह मिळतेच, शिवाय त्याच जेवणातल्या ज्वारीतले आणि डाळीतले लोहही अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह अंगी लागायचे अडते. तेव्हा फायदा मांसाच्या ढिगाऱ्यात नाही, प्रत्येक ताटात थोडे पडण्यात आहे. कंदुरीत जुने वाढपी हे बरोबर जाणतात. ते मटण बारीक करून घेतात, सुपारीएवढ्या फोडी, आणि पळी तळापर्यंत नेऊन वाढतात, म्हणजे पहिल्या पंगतीला आणि शेवटच्या पंगतीला सारख्याच दोन-दोन फोडी येतात. घरीही खाटकाला सांगून तुकडे लहान करून घ्यावेत. मोठा तुकडा ज्याच्या ताटात पडतो त्याचाच होतो. लहान तुकडे मोजून वाटता येतात. आणि वाढायला घेण्याआधी शेवटी बसणारीची वाटी भरून, झाकून, बाजूला ठेवावी. आमच्या घरी हे काम मुलांकडे दिले आहे, आणि मुले हिशेबाला फार कडक असतात.

उरलेल्या रश्शाबद्दल एवढे सांगून थांबतो. शिळा रस्सा ताज्यापेक्षा चांगला लागतो, यात शंका नाही. रात्रभरात मसाला मुरतो, जिलेटिन घट्ट होते, आणि सकाळी शिळ्या भाकरीचा कुस्करा त्यात भिजवला तर पंगतीचे जेवण फिके पडावे. पण आपला एप्रिल-मे चाळिशीपलीकडचा असतो. खोल भगुन्यातला दाट रस्सा मध्यभागी तासन् तास कोमट राहतो आणि उकळीतही न मेलेले काही जंतू त्यात पुन्हा वाढतात. लग्नाच्या आणि कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी पोटे बिघडतात त्याचे हे एक कारण. रात्रीच रस्सा दोन-तीन उथळ भांड्यांत काढावा, परातीत गार पाणी घेऊन त्यात ती ठेवावीत, निवल्यावर फ्रिज असेल तर आत टाकावीत. फ्रिज नसेल तर उरेल इतका करू नये. आणि सकाळी नुसता कोमट करून वाढू नये, मधोमध खळखळून उकळी फुटू द्यावी.